जुन्या मारुतीला कोणते स्पार्क प्लग घालावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची १९९८ ची मारुती ८००, कार्बुरेटरवाली, कोथरूडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते आणि आठवड्यातून एक-दोनदाच बाहेर निघते. सकाळी चोक ओढूनही तीन-चारदा सेल्फ मारावा लागतो, आणि चढावर गाडी मिसिंग मारते. मेकॅनिक म्हणतो, कोणतेही प्लग घाला, सगळे सारखेच. दुकानदार म्हणतो, इरिडियमचे घ्या, पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही वाढेल. तुम्ही विचारता, कोणाचं ऐकू?

माझं मत आधीच सांगतो. तुमच्या गाडीला कंपनीने सांगितलेल्या नंबरचेच साधे, निकेलचे, चांगल्या कंपनीचे प्लग घ्या. पण विकत घेण्याआधी आत्ता गाडीत आहेत ते तीन प्लग बाहेर काढून नीट बघा. दत्तवाडीत गॅरेज चालवताना बत्तीस वर्षं झाली, आणि नवे प्लग घालूनही गाडी तशीच राहिली म्हणून परत आलेल्या बहुतेक गाड्यांत जुने प्लग कोणी बघितलेच नव्हते, काढले आणि टाकून दिले. इंजिनच्या आत जळत्या आगीत बसलेली आणि तरी पाच मिनिटांत हातात घेऊन बघता येईल अशी ही एकच वस्तू आहे. ती न वाचता फेकणं म्हणजे डॉक्टरने रिपोर्ट न बघता औषध लिहून देणं.

काढायचे कसे, ते आधी. इंजिन पूर्ण थंड हवं. ८०० चं हेड (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात प्लग बसतात) अ‍ॅल्युमिनियमचं आहे; गरम असताना प्लग खोलला तर आटे प्लगबरोबर ओरबाडून निघतात, आणि मग हेडला नवे आटे बसवण्याचा खर्च प्लगच्या कितीतरी पट होतो. वायरी काढताना वायर धरून ओढू नका, टोकाची रबरी टोपी धरून जरा पिळून काढा. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून एक, दोन, तीन लिहा. प्लगच्या खड्ड्यात वर्षानुवर्षांची धूळ असते, ती सायकलच्या पंपाने उडवा, नाहीतर प्लग निघताच ती सरळ सिलिंडरमध्ये जाते. काढलेले प्लग वर्तमानपत्रावर त्याच क्रमाने मांडा. क्रम चुकला तर निम्मी माहिती गेली.

कधी काढायचे, हेही महत्त्वाचं. कर्वे रोडच्या गर्दीत अर्धा तास रखडलेल्या गाडीचे प्लग काढलेत तर ते काळेच दिसणार, त्यावरून काही कळत नाही. रविवारी सकाळी सहाला निघा, खेड शिवापूरपर्यंत एका वेगात जा, तिथे गाडी लगेच बंद करा, आयडलवर घरघरत ठेवू नका. चहा-नाश्ता निवांत करा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, मग तिथेच काढून बघा. मी स्वतः अजून असंच करतो. तिथल्या उजेडात प्लगच्या चिनी मातीचा रंग जसा दिसतो तसा गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली कधीच दिसत नाही.

आता रंग. आतल्या पांढऱ्या चिनी मातीच्या टोकावर फिकट तपकिरी किंवा राखाडी छटा असेल तर जळण ठीक आहे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या पुस्तकांत आणि गॅरेजच्या भिंतीवरच्या तक्त्यांत जो गडद बिस्किटी रंग दाखवतात, तो शिशाच्या पेट्रोलच्या काळातला. देशात शिसं घातलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं. आता चांगला प्लग त्यापेक्षा बराच फिका दिसतो. त्यात पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो आणि कार्बुरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) आहेत तेवढेच राहतात, त्यामुळे मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, आणि प्लग अजून फिका पडतो. फिका रंग बघून घाबरून कार्बुरेटरचा स्क्रू फिरवणारे मी पुष्कळ पाहिलेत. पांढरट रंगाबरोबर चिनी मातीवर फोड आलेले असतील, किंवा इलेक्ट्रोडच्या कडा वितळल्यासारख्या गोल झाल्या असतील, तर मात्र खरंच गरम चाललंय. ठिणगीचं टायमिंग पुढे गेलंय का, हवा कुठून चोरून आत शिरतेय का, ते बघावं लागेल.

कोरडी, मऊ, बोटाला लागणारी काजळी तिन्ही प्लगवर असेल तर मिश्रण जाड आहे किंवा चोक पूर्ण उघडत नाही. तुमच्या गाडीत मला हाच संशय जास्त आहे, कारण ती निघते तेव्हाही छोट्याच अंतरावर जात असणार. प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. कोथरूडहून डेक्कनपर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीत ते तापमान टिकतच नाही. उलट बाजूला ८५०-९०० च्या पुढे गेलं की तापलेलं टोकच ठिणगीआधी पेट्रोल पेटवू लागतं, आणि ते पिस्टनच्या जिवावर बेततं. या दोन आकड्यांच्या मध्ये टोक ठेवणं हे प्लगच्या नंबरचं काम आहे, त्याकडे येतोच.

तीनपैकी एकच प्लग ओला, काळा, ऑइलने चकचकीत असेल तर त्या सिलिंडरमध्ये ऑइल येतंय. पंचवीस वर्षांच्या गाडीत व्हॉल्व्हची रबरी सीलं कडक होतात. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना मागे निळसर धूर निघत असेल तर बहुतेक तेच. चढावर जोर लावल्यावरही धूर निघाला तर पिस्टनच्या रिंगा बघाव्या लागतील. जुने उस्ताद अशा एका सिलिंडरला एक पायरी जास्त गरम प्लग घालून (गरम-थंड म्हणजे काय ते पुढे सांगतो) वेळ निभावून नेत. मीही नेलीय, पण ते तात्पुरतं. गाडी घाटात नेणार असाल तर करू नका.

आणि एक डाग असा असतो ज्याला घाबरायचं कारणच नाही. बाहेरच्या बाजूला, जिथे पांढरी चिनी माती पत्र्याच्या षटकोनात शिरते, तिथे तपकिरी कडं दिसतं. ‘गॅस लीक होतोय, प्लग गेला’ असं सांगून लोक प्लग बदलायला लावतात. ते लीकेज नाही. जास्त दाबाच्या विजेमुळे हवेतले ऑइलचे कण तिथे खेचले जाऊन चिकटतात, एवढंच.

आता नंबर. तुमच्या मेकॅनिकचं ‘सगळे सारखेच’ हे वाक्य मला मान्य नाही, आणि का ते एका गाडीवरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात बिबवेवाडीहून एक ८०० माझ्याकडे ओढून आणली. मालक निवृत्त मास्तर. प्लग आठ दिवसांपूर्वीच बदललेले, आणि गाडी दर सकाळी बंद. मी प्लग काढले. तिन्ही नवेकोरे, षटकोनावरची चकाकीही गेलेली नाही, आणि टोकं मात्र चुलीतल्या तव्यासारखी काळी. जुन्या प्लगवर बॉशचा आठ नंबर होता. दुकानदाराने आठ म्हणून एनजीके या दुसऱ्या कंपनीचा आठ दिला. मास्तरांनी आठ मागितला, त्यांना आठच मिळाला, आणि इथेच घोळ झाला.

बॉश आणि चॅम्पियन यांच्यात आकडा वाढला की प्लग गरम होत जातो. एनजीके आणि डेन्सो यांच्यात आकडा वाढला की थंड. बॉशचा आठ म्हणजे साधारण एनजीकेचा पाच, आणि डेन्सोचा सोळा. बॉशचा सात म्हणजे एनजीकेचा सहा आणि डेन्सोचा वीस. मास्तरांना पाचऐवजी एनजीकेचा आठ मिळाला होता, म्हणजे तीन पायऱ्या थंड. जोरात पळणाऱ्या इंजिनाचा प्लग मंडईपर्यंत जाणाऱ्या गाडीत. बरोबर नंबरचे प्लग घातले, गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

गरम आणि थंड म्हणजे ठिणगी गरम-थंड नव्हे. आतलं चिनी मातीचं नाक लांब असेल तर उष्णता हेडपर्यंत जायला वेळ लागतो, टोक गरम राहतं. तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता पटकन निघून जाते, तो थंड. दोन्ही प्लग शेजारी धरून आत डोकावलंत की फरक सरळ दिसतो.

प्लगवरची अक्षरंही वाचायला शिका, अवघड नाही. एनजीकेचा बीपीआर६ईएस हा जुन्या गाड्यांत पुष्कळ चालणारा प्लग घ्या. बी म्हणजे १४ मिलिमीटर जाडीचे आटे आणि २१ चा पाना लागणारा षटकोन. पी म्हणजे टोक आगीत पुढे आलेलं. आर म्हणजे आत रेझिस्टर. सहा हा उष्णतेचा नंबर. ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. याच्या जोडीचा बॉशचा प्लग डब्ल्यूआर७डीसी. हा नंबर उदाहरणाला घेतला आहे, तुमच्या गाडीचा कोणता ते गाडीच्या पुस्तकात बघा. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या कॅटलॉगमध्ये गाडीचं मॉडेल आणि साल घालून बघा. आत्ता जो प्लग गाडीत आहे तोच बरोबर असं धरून चालू नका, तोही कोणीतरी चुकीचा घातलेला असू शकतो.

या सगळ्या अक्षरांत मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती आट्यांच्या लांबीची. १९ मिलिमीटरच्या जागी १२.७ चा आखूड प्लग बसतो, गाडी चालतेही. पण हेडमधले खालचे आटे उघडे राहतात, त्यात कार्बन भरतो आणि दगडासारखा कडक होतो. दोन वर्षांनी कोणी बरोबर लांबीचा प्लग घालायला गेला की अर्ध्यावर अडतो, जोर लावला की आटे जातात. उलटं, आखूडच्या जागी लांब प्लग घातला तर तो पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकतो. मी शिकाऊ असताना एका फियाटमध्ये असा अडलेला प्लग जोर लावून बसवला आणि हेडचे आटे घालवले. हेड खोलून नाना पेठेत आटे बसवायला न्यावं लागलं, आणि पैसे उस्तादांनी भरले. तेव्हापासून नवा प्लग घालायच्या आधी जुन्याशेजारी धरून आट्यांची लांबी मोजल्याशिवाय मी हात लावत नाही.

आता इरिडियम. दुकानदार सांगतो त्यात थोडं खरं आहे, ते आधी मान्य करतो. ठिणगी टोकदार कडेवरून सहज उडते. इरिडियमचं टोक बारीक तारेसारखं असतं, त्याला कमी दाबाची वीज पुरते, म्हणून ठिणगीची वीज पुरवणारी कॉइल कमजोर असली तरी स्टार्टिंग सुधारतं. इरिडियम वितळायला जवळपास २,४५० अंश लागतात, निकेलला साधारण १,४५५. त्यामुळे ते कमी झिजतं. साधा निकेलचा प्लग १५ ते २० हजार किलोमीटर चालतो, इरिडियम त्याच्या तीन-चार पट किंवा जास्तही. (ज्याला बाजारात कॉपर प्लग म्हणतात त्यात तांबं फक्त आतल्या गाभ्यात असतं, टोक निकेलचंच.)

पण हे आयुष्य मिळतं ते स्वच्छ जळणाऱ्या इंजिनात. कार्बुरेटर जाड सोडत असेल किंवा ऑइल वर येत असेल तर इरिडियमही तितकाच काळा होतो, आणि तो घासून साफ करता येत नाही, बारीक टोक मोडतं. शिवाय तुमची गाडी आठवड्यातून दोनदा निघते. वर्षाला फार तर तीन-चार हजार किलोमीटर. साधे प्लगच तुम्हाला चार वर्षं पुरतील, तर तिप्पट-चौपट पैसे घालून काय मिळवायचं? पिकअप वाढेल ते जुन्या झिजलेल्या प्लगच्या तुलनेत, आणि तेवढं नव्या साध्या प्लगनेही वाढतं. दोन-तीन-चार टोकांच्या प्लगचंही तेच. ठिणगी एका वेळी एकाच टोकाला उडते, चार नाही. एमपीएफआय, म्हणजे कार्बुरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत, जिथे कंपनीनेच इरिडियम किंवा प्लॅटिनम दिलंय, तिथे मात्र तेच घाला, पैसे वाचवायला जाऊ नका.

रेझिस्टरवाला प्लग घ्यावा का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा होता. आर अक्षर असलेल्या प्लगमध्ये साधारण पाच किलोओमचा रेझिस्टर असतो. त्याने रेडिओत खरखर येत नाही, आणि कॉम्प्युटरवाल्या गाडीत सेन्सरचे सिग्नल बिघडत नाहीत. कार्बुरेटरच्या गाडीत तो नसला तरी इंजिन चालतं, असला तरी काही नुकसान नाही. एमपीएफआय असेल तर आर असलाच पाहिजे.

याच रेझिस्टरचा दुसरा उपयोग म्हणजे नकली माल ओळखणं. पुण्यात प्लग विकणारी दुकानं नाना पेठ-भवानी पेठेत रांगेने आहेत, चांगली आहेत, पण कुठल्याही मोठ्या बाजारात नकली माल शिरतोच. मलाही एकदा पूर्ण डबा नकली लागला होता. मल्टिमीटरचं एक टोक प्लगच्या वरच्या टोपीला, दुसरं आतल्या मधल्या टोकाला लावा. आर प्लग असून काटा शून्यावर आला तर आत रेझिस्टर नाहीच, नुसती छाप मारलीय. आणखी, खऱ्या प्लगवरची छपाई बोटाने घासून पुसट होत नाही, आटे गुळगुळीत असतात, वॉशर हाताने फिरतो पण सहज निघून येत नाही, आणि वरचं टोक मधल्या टोकाच्या बरोबर डोक्यावर असतं. बिल घ्या. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मायकोच्या (बॉशचं भारतातलं जुनं नाव) डब्यातले जुने पण न वापरलेले प्लग कधी मिळतात; चिनी माती तडकलेली नसेल आणि गंज नसेल तर ते वापरायला हरकत नाही. वापरलेले, घासून चकचकीत केलेले प्लग मात्र कितीही स्वस्त असले तरी नकोत. तारेच्या ब्रशने घासलं की चिनी मातीवर धातूच्या रेघा उमटतात आणि करंट त्या रेघांवरून खाली उतरतो.

डब्यातून काढलेला प्लग गॅप, म्हणजे मधल्या आणि बाहेरच्या टोकातलं अंतर, तपासूनच घाला. आधीच सेट केलेला आहे असं म्हणतात, पण वाहतुकीत डबा पडतो, गॅप दबतो. तुमच्या गाडीत पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे धातूचे संपर्क) आहेत की इलेक्ट्रॉनिक इग्निशन ते डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून बघा. पॉइंटवाल्या जुन्या गाड्यांत गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतो, एमपीएफआयमध्ये बहुधा १.० ते १.१. फीलर गेजचं (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) पान किंचित अडकत सरकलं पाहिजे. वाकवायचं ते फक्त बाहेरचं टोक, मधल्या टोकावर कधीच जोर द्यायचा नाही. गाडीला सीएनजी किट बसवलं असेल तर गॅप ०.१ ने कमी ठेवा आणि प्लग लवकर बदला. सीएनजी पेटवायला जास्त दाबाची वीज लागते, आणि थोडाही जास्त गॅप असला की गाडी पहिल्यांदा गॅसवरच मिसिंग मारते.

मिसिंगवरून आठवलं. प्लग बदलायच्या आधी एक रात्रीची तपासणी करा, कारण चढावरचं मिसिंग प्लगपेक्षा वायरींमुळेही असतं. अंधारात बोनेट उघडा, गाडी सुरू ठेवा, फवारणीच्या बाटलीने वायरींवर पाण्याचं हलकं धुकं मारा, हात लांब ठेवा. कुठे निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर करंट तिथूनच चोरीला जातोय. पुण्याच्या पावसाळ्यात दर वर्षी जूनमध्ये माझ्याकडे येणाऱ्या बंद गाड्यांपैकी निम्म्यांत हेच असतं. त्या वायरी बदलल्याशिवाय सोन्याचे प्लग घातले तरी उपयोग नाही.

बसवताना सात-आठ इंच रबरी नळी प्लगच्या डोक्यावर घाला आणि बोटांनी फिरवा. आधी उलटं फिरवा, ‘टक’ असा बारीक धक्का जाणवला की आटे जुळले. मग सरळ फिरवा. आटे तिरके लागले तर नळीच प्लगवरून घसरते, हेडचं नुकसान होत नाही. पाना लावून सुरुवात केलीत तर हा इशारा मिळत नाही. प्लग हाताने पूर्ण बसला की मग पाना लावून अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, नव्या वॉशरला तेवढंच पुरे. जुनाच प्लग परत घालत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, फेऱ्याचा दहावा भाग फिरवला तरी बास. टॉर्क पाना असेल तर २५ ते ३० न्यूटन मीटर. आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावू नका; प्लगवर आधीच मुलामा असतो, आणि ग्रीस लावलं की त्याच जोरात प्लग नको तितका घट्ट होतो. प्लग बसवताना फरशीवर पडला तर तो वापरू नका, आतला तडा बाहेरून दिसत नाही.

हे करून झालं की त्याच खेड शिवापूरच्या फेरीवर परत जा आणि नवे प्लग एकदा काढून बघा. तिन्हींचा रंग सारखा आला तर काम झालं. एकच वेगळा आला तर तो कितव्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा, पुढची दुरुस्ती तिथूनच सुरू करायची. जुन्या तिघांत जे बरे असतील ते फेकू नका. एका डबीत कापसात गुंडाळून प्लग पाना आणि त्या नळीबरोबर डिकीत ठेवा. वरंध घाटात सिलिंडर बंद पडला आणि जवळ गॅरेज नसलं की त्या डबीने महाडपर्यंत पोचता येतं, मी दोनदा पोचलोय.